अक्राणीचे टापू आणि वनस्पतींचा अपुरा नकाशा

नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, तरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला टापू आहेत. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचे पाणी अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) या दोन तालुक्यांतल्या सातपुड्याच्या दऱ्यांत शिरले, खालचे उतार बुडाले आणि काही टेकड्यांचे माथे चहूबाजूंनी पाण्यात उभे राहिले. महाराष्ट्रातली ३३ गावे या बुडितात आली. मणिबेली, चिमलखेडी, डनेल, निमगव्हाण, डोमखेडी ही नावे बाहेरच्या जगाला कळली ती विस्थापितांच्या लढ्यामुळे. त्या लढ्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच झाले. पण बुडालेल्या जमिनीत शेतीपेक्षा जंगल कितीतरी जास्त होते. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या सुमारे ९,६०० हेक्टर बुडितापैकी ६,५०० हेक्टरांच्या आसपास वनजमीन होती. त्या उतारांवर नेमके काय उगवत होते, आणि पाण्यावर राहिलेल्या माथ्यांवर आज काय उगवते, हा हिशेब मांडायला बसले की हाताशी यादी येते, जागा येत नाही. सातपुड्याच्या या टोकाचा वनस्पतिशास्त्रीय अभ्यास झालेला नाही असे कोणी म्हणेल तर ते खोटे ठरेल. उणीव जागेच्या नोंदीत आहे, आणि टापूंच्या बाबतीत ती आता भरून काढली नाही तर पुढे भरून निघण्यासारखी नाही.

झालेले काम आधी सांगायला हवे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची प्रसिद्ध केली. शंभर वर्षे उलटली तरी तिच्याशिवाय पश्चिम भारतातल्या अभ्यासकाचे पान हलत नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पुण्यातले पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून काम करते आहे. त्यांनी महाराष्ट्राच्या एकदलिकित वनस्पतींचा खंड १९९६ मध्ये आणि द्विदलिकितांचे दोन खंड २००० आणि २००१ मध्ये काढले. मार्सेलिन आल्मेडा यांनी 'फ्लोरा ऑफ महाराष्ट्र'चे खंड १९९६ पासून स्वतंत्रपणे काढले. धुळे आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांपुरती वनस्पतिसूची डी. ए. पाटील यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला हे लक्षात घेतले, तर नव्या जिल्ह्याच्या वाट्याला पाच वर्षांत आपली वनस्पतिसूची आली. हे भाग्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याला लाभलेले नाही.

अडचण या ग्रंथांच्या दर्जाची नाही, त्यांच्या प्रश्नाची आहे. वनस्पतिसूची सांगते की अमुक वनस्पती या प्रदेशात आहे की नाही. ती कुठल्या खोऱ्यात, कुठल्या उंचीवर, नाल्याच्या कोणत्या अंगाला आहे हे तिच्याकडून फारसे कळत नाही. जुन्या नमुन्यांवरच्या 'खानदेश' या शब्दात आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले तरी 'पश्चिम खानदेश' म्हणजे तापीच्या काळ्या रानापासून सातपुड्याच्या शिखरांपर्यंत सगळे काही. 'अक्राणी' हा शब्द त्यातल्या त्यात नेमका. पण या तालुक्यात नर्मदेचा काठ शे-दीडशे मीटर उंचीवर, तोरणमाळचे पठार सुमारे साडेअकराशे मीटरवर. हजार मीटरच्या चढाला एकच शब्द दिला की त्यावरून नकाशा होत नाही. त्या नमुन्यातले झाड आज पाण्याखाली आहे की पाण्यावर, हा अगदी साधा प्रश्नही त्या चिठ्ठीला विचारता येत नाही.

ही चिठ्ठी म्हणजे काय, ते एकदा जवळून पाहायला हवे. साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा जाड कागद. त्यावर फूल, फळ, पान आणि जमल्यास मुळासकट दाबून वाळवलेली फांदी, दोऱ्याने टाचलेली. पावसाळ्यात गोळा केलेला नमुना वाळवणे हे कष्टाचे काम असते: वर्तमानपत्राच्या घड्या रोज बदलायच्या, नाहीतर दोन दिवसांत बुरशी येते आणि पाने गळून पडतात. श्रावणात, भर पावसात, सातपुड्यात फुललेली वनस्पती आणायची तर कागद कोरडे ठेवणे हीच अर्धी मोहीम होते. पुढे किडीपासून वाचवण्यासाठी पूर्वी पाऱ्याच्या क्षारात बुडवत. एवढे सगळे करून कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी चिकटते: नाव, तारीख, ठिकाण, उंची, जमीन कशी, फुलाचा रंग काय (वाळल्यावर तो राहत नाही), गोळा करणारा कोण, त्याचा क्रमांक कोणता. नाव चुकले तर पन्नास वर्षांनी दुसरा अभ्यासक ते दुरुस्त करू शकतो, कारण वनस्पती समोर आहे. ठिकाण चुकले किंवा लिहायचे राहिले तर दुरुस्तीला काहीच आधार उरत नाही.

ठिकाणाच्या नोंदीने काय घडते आणि काय बिघडते याचे जगभर गाजलेले उदाहरण याच जिल्ह्यातले आहे, जरी ते वनस्पतीचे नसून पक्ष्याचे आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड पक्षीशास्त्रज्ञ ह्यूमने १८७३ साली शास्त्राला सांगितले. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजून सात नमुने जमले, आणि त्यातले बरेचसे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात मिळवलेले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. अपवाद एकच: रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात १९१४ सालचा, तापीकाठच्या गुजरातमधल्या मांडवीचा म्हणून एक नमुना होता. अभ्यासक साहजिकच या अलीकडच्या नोंदीवर भरवसा ठेवत. पुढे पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, कातडे भरण्याची पद्धत पाहिली आणि दाखवून दिले की तो डेव्हिडसनचाच चोरलेला पक्षी आहे, पुन्हा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली. खोटी नोंद बाजूला ठेवून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा जिवंत सापडला. एकशे तेरा वर्षे हरवलेला पक्षी सापडण्यात दुर्बिणीचा जेवढा वाटा होता, तेवढाच संग्रहालयातल्या कागदाच्या कपट्याचा. वनस्पतींबाबत हा धडा अधिकच लागू पडतो. पक्षी उडून दुसरीकडे जाऊ शकतो, झाड जिथे आहे तिथेच मरते.

आता या जिल्ह्यातले नमुने कुठून आलेले असणार याचा विचार करू. वनस्पती गोळा करणारा माणूस रस्त्याने जातो, हे जगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रदेशात दिसलेले आहे. संग्रहालयांतल्या नोंदी नकाशावर टाकल्या की रस्ते, विश्रामगृहे आणि विद्यापीठांची गावे उठून दिसतात. तोरणमाळला रस्ता आहे, राहायची सोय आहे, यशवंत तलाव आहे, थंड हवा आहे. त्यामुळे महाविद्यालयांच्या सहली तिथे जातात आणि अभ्यासकही. नर्मदेच्या काठची गावे याच्या अगदी उलट. धरणाआधी तिथे पोहोचायला डोंगर उतरून पायी जावे लागे, धरणानंतर बोटीने. दवाखानासुद्धा तिथे बोटीतून येतो. अशा ठिकाणी दाबयंत्र, कागदांचे गठ्ठे आणि चार दिवसांचा शिधा घेऊन कोण जाणार? १९८७ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला मंजुरी देताना घातलेल्या अटींत वनस्पती आणि प्राण्यांच्या पाहणीची अट होती. पलीकडे गुजरातमध्ये शूलपाणेश्वर अभयारण्याचा अभ्यास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने केला. नर्मदेच्या दक्षिण काठावर, महाराष्ट्राच्या हद्दीत मात्र बोलबाला पुनर्वसनाच्या आकड्यांचाच राहिला. त्यातही तळोद्याचे सुमारे ४,२०० हेक्टर राखीव जंगल पुनर्वसनासाठी मोकळे करण्यात आले. म्हणजे एका जंगलाच्या बुडण्याने दुसरे जंगल तोडले गेले, आणि दोन्हींच्या जागानिहाय नोंदी तुटपुंज्याच.

टापूंचे महत्त्व इथे येते. धरणात तयार झालेला टापू हे खरे बेट नव्हे, त्याच्यावर नवी जात घडायला लाखो वर्षे मिळालेली नाहीत, तेव्हा त्याचे कौतुक कशाला, असे विचारता येईल. डार्विनने १८३५ मध्ये गॅलापागोसच्या बेटांवरून आणलेल्या वनस्पतींवर कोणत्या बेटाची कोणती, हे लिहून ठेवले होते, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी त्या आधारावर बेटागणिक जाती कशा वेगळ्या होत गेल्या ते दाखवले. तसले काही अक्राणीत घडणार नाही हे मान्य. पण धरणाचे टापू दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतात: जंगल तुकड्यांत तुटले की त्यातले काय, किती वेगाने आणि कोणत्या क्रमाने जाते. पनामात १९१४ साली गाटुन तलाव भरल्यावर बारो कोलोराडो हे बेट तयार झाले आणि उष्ण प्रदेशातल्या जंगलाबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे तिथून आले. व्हेनेझुएलातल्या गुरी धरणाच्या छोट्या टापूंवर शिकारी प्राणी उरले नाहीत, पाने खाणारे प्राणी आणि मुंग्या बेसुमार वाढल्या आणि जंगलातल्या झाडांची नवी रोपे जवळजवळ बंद झाली, हे जॉन टेरबॉर्ग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. थायलंडच्या चिव लार्न तलावातल्या टापूंवरून पंचवीस वर्षांत लहान सस्तन प्राणी जवळपास नाहीसे झाले. हे सगळे सांगता आले, कारण पाणी कधी चढले ते माहीत होते आणि आधी काय होते ते लिहिलेले होते.

आपल्याकडे पहिली गोष्ट उत्तम उपलब्ध आहे. सरदार सरोवराची उंची एकदम वाढली नाही. न्यायालयीन लढाईमुळे ती टप्प्याटप्प्याने वाढली: १९९९ मध्ये ८८ मीटर, २००० मध्ये ९०, २००४ मध्ये ११०.६४, २००६ मध्ये १२१.९२, आणि २०१७ मध्ये दरवाजे बंद झाल्यावर १३८.६८. पूर्ण पातळीपर्यंत पाणी पहिल्यांदा चढले ते सप्टेंबर २०१९ मध्ये. म्हणजे वेगवेगळ्या समोच्च रेषांवर तुटलेल्या टेकड्यांचे वय वेगवेगळे आहे आणि ते वय सरकारी कागदात तारखेनिशी नोंदलेले आहे. ज्या लढ्याने पाणी थोपवून धरले, त्याने अजाणता असा एक प्रयोग मांडून ठेवला की तो मुद्दाम कोणाला मांडता आला नसता. यातली एक गोष्ट मात्र नकाशा करणाऱ्याला चकवते. जलाशयाची किमान पातळी ११०.६४ मीटर आहे. म्हणजे कार्तिकात आणि वैशाखात पाण्याच्या पातळीत २८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो. दिवाळीत जो टापू असतो, त्याला उन्हाळ्यात चिखलाची वाट फुटते आणि गुरे चालत जातात. म्हणून इथल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर अक्षांश-रेखांशाच्या जोडीला त्या दिवशीची जलाशयाची पातळी आणि झाडाची समुद्रसपाटीपासूनची उंची यायलाच हवी. १३० मीटरवरचे रोप वर्षातले काही महिने पाण्याखाली काढते, १४५ मीटरवरचे कधीच नाही. उपग्रह-स्थाननिश्चितीचे साधे यंत्र उंचीच्या बाबतीत बरेच चुकते, त्यामुळे पाण्याच्या रेषेपासून वर मोजलेली उंची इथे जास्त भरवशाची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने एक इंचाचे नकाशे या कामाला आजही सोन्यासारखे आहेत, कारण त्यांत बुडालेली खोरी आहेत.

आधी काय होते ही दुसरी बाजू पंगू आहे, आणि ती पूर्ण बरी होणार नाही. वाहत्या नदीच्या खडकांत राहणारी झाऊ, शेरणी यांसारखी झुडपे स्थिर पाण्यात तग धरत नाहीत. त्यांच्या जागा गेल्या. वरच्या उतारांवरचे साग, धावडा, सालई, मोह, चारोळी, टेंभुर्णी, तिवस अजून आहेत. त्यांच्याबद्दल एक गैरसमज सहज होतो: झाडे उभी आहेत म्हणजे जंगल टिकले. मोहाचे झाड माणसाच्या तीन पिढ्या पाहते. टापूवर ते आणखी साठ वर्षे फुलेल, पण त्याच्याखाली रोपेच रुजली नाहीत तर ते जंगल आजच संपलेले असते, फक्त दिसत नाही. ज्या टापूंवर वस्ती आणि शेळ्या आहेत आणि ज्यांवर नाहीत, त्यांची तुलना इथे उलगडा करील. म्हणून नुसते नमुने पुरणार नाहीत. नमुना 'आहे' एवढेच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. टापूवर आणि समोरच्या सलग डोंगरावर, सारख्याच उंचीवर, दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखून त्यातली रोपे मोजावी लागतील.

आता आक्षेप. सर्वांत जास्त ऐकू येणारा असा की मोबाइलच्या काळात झाड तोडून वाळवायचे कशाला, छायाचित्रात ठिकाण आणि वेळ आपोआप येते. हे अर्धे खरे आहे. ठिकाणाच्या बाबतीत छायाचित्राने जुन्या संग्राहकांना मागे टाकले, आणि टापूंचा पहिला नकाशा छायाचित्रांवरून करायला काहीच हरकत नाही. पण गवते, लव्हाळे, आणि मुसळीसारखे कंद छायाचित्रावरून ओळखणारा भेटला तर त्याच्यापासून सावध राहावे. सफेद मुसळी, क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, ही बोरिवलीच्या नावाने ओळखली जाणारी जात सांतापाव आणि फर्नांडिस यांनी स्वतंत्र म्हणून सांगितली ती १९५५ मध्ये. मुंबईच्या अंगणातली वनस्पती इतक्या उशिरा वेगळी ओळखली गेली, कारण या प्रजातीतल्या जातींची पाने सारखीच दिसतात. मुळे, फुलांची मांडणी, बिया हातात घेऊन पाहाव्या लागतात. वाळलेल्या पानातून आज जनुकीय द्रव्य काढता येते, उद्या आणखी काही काढता येईल. छायाचित्रातून फक्त छायाचित्र मिळते.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि जास्त गंभीर. दुर्मीळ वनस्पतीचा नमुना घेणे म्हणजे तिला मारणे, आणि तिची जागा नकाशावर टाकणे म्हणजे कंद खणणाऱ्याला वाट दाखवणे. मुसळीच्या बाबतीत सातपुड्याने हे भोगलेले आहे. त्यावर उपाय आहेत आणि ते पाळले पाहिजेत: थोडीच रोपे असतील तर फांदी, फूल आणि छायाचित्र पुरे, कंदाला हात लावू नये, नेमके अक्षांश-रेखांश संग्रहालयात राहावेत, लोकांसमोर फक्त गाव किंवा मोठा चौकोन यावा. २०२२ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 'इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम' सुरू करून नमुन्यांची चित्रे सर्वांना खुली केली. हे स्वागतार्हच. पण खुले करायचे काय आणि राखायचे काय, याचा विचार चिठ्ठी लिहितानाच करावा लागेल.

तिसरा आक्षेप असा की पावरा आणि भिल्ल लोकांना या झाडांची माहिती पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्यावर शहरातल्या कागदांचा भार कशाला. माहिती त्यांच्याकडे आहे यात शंका नाही, आणि उंची, उतार, ऋतू यांच्यासकट आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावोगावी लोक-जैवविविधता नोंदवह्या व्हायच्या होत्या त्या याचसाठी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर देशभर त्या घाईघाईने भरल्या गेल्या. घाईत भरलेली नोंदवही म्हणजे पुन्हा यादीच. धडगाव भागातच बायफ या संस्थेने मका आणि ज्वारीचे गावरान वाण लोकांकरवी गोळा करून, निवडून, गावातच बीजबँकेत ठेवले. त्या कामातून दिसते की नमुना गोळा करणारा, जागा सांगणारा आणि सांभाळणारा गावचाच असू शकतो. रानातल्या वनस्पतींसाठी हे का नको? पेसा कायदा आणि सामूहिक वनहक्क यांमुळे ग्रामसभेला विचारल्याशिवाय हे काम सुरू करणे आता योग्यही नाही. प्रत्येक नमुन्याचा एक संच पुण्याला जावा, एक जिल्ह्यातल्या महाविद्यालयात राहावा, आणि चिठ्ठीवर वाट दाखवणाऱ्याचे नाव त्याची इच्छा असेल तर संग्राहक म्हणून यावे. जुन्या चिठ्ठ्यांवर साहेबाचे नाव असते, डोंगर चढून फांदी काढणाऱ्याचे बहुधा नसते.

शेवटी एक आक्षेप उघडपणे कमी आणि मनात जास्त असतो: सह्याद्रीच्या तुलनेत सातपुड्यातले जंगल सामान्य. इथे प्रदेशनिष्ठ जाती कमी, सागाची रानेच जास्त. निधी सह्याद्रीला जातो तो यामुळेच. हिशेब जातींच्या दुर्मिळतेचा असेल तर हे बरोबर आहे. पण पानगळीचे जंगल आपल्या देशात सर्वांत मोठ्या क्षेत्रावर आहे, सर्वांत जास्त माणसे त्यावर जगतात आणि त्याचे तुकडे सर्वांत जास्त झाले आहेत. ते तुकड्यांत कसे मोडते हे सह्याद्रीच्या सड्यांवरून कळणार नाही. इथे तुकडे नेमके, पाण्याने आखलेले आणि वयानिशी उपलब्ध आहेत. शिवाय हिशेबाला मुदत आहे. २०१९ नंतर तुटलेल्या टापूंवर तेव्हापासून रुजलेली रोपे अजून लहान आहेत, पाणी चढण्याआधीच्या रोपांपासून ती उंची-जाडीवरून बऱ्यापैकी वेगळी काढता येतात. आणखी दहा-पंधरा वर्षांनी दोन्ही सारखीच दिसू लागतील. पहिली फेरी पाणी भरलेले असताना आश्विन-कार्तिकात बोटीने, दुसरी वैशाखात उतरलेल्या पाण्याच्या काठाने पायी, आणि दोन्ही फेऱ्यांत तेच चौकोन, एवढ्याने सुरुवात होते. त्यासाठी लागणारी बोट गावांत आहे, वाटाडे गावांत आहेत, वनस्पती ओळखणारे अध्यापक नंदुरबार, शहादा आणि तळोद्याच्या महाविद्यालयांत आहेत.